लाल विजेरीच्या उजेडात

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न घेतो. साधा आहे, पण उत्तर देताना घाम फुटेल. माणूस रोज बघतो — म्हणजे त्याला दिसतं का? माना हलवू नका! आधी गोष्ट ऐका, मग हलवा.

कोकणातलं एक तालुक्याचं गाव. दवाखान्याचा व्हरांडा. बाकावर दामोदरपंत केळुसकर बसलेत. धंदा घड्याळदुरुस्तीचा. सकाळी बायको, इंदुमती, चुलीपाशी कोसळली. रिक्षात घालून आणली. दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "गेल्या हो त्या."

दामोदरपंतांनी काय केलं असेल? मनगटावरचं घड्याळ बघितलं! बारा वाजून सात मिनिटं. हात सवयीनं वर गेला, दुसरं काय!

बाई तिथंच उभ्या. "अंगात रक्तच नव्हतं त्यांच्या. हिमोग्लोबिन बारा हवं, तिथं साडेतीन! हे एका दिवसात होत नाही. वर्षभर पांढऱ्या पडत चालल्या असणार. पापणी खाली ओढून बघितली असती तरी कळलं असतं. घरात कुणाला दिसलं नाही?"

घरात कोण? हे एकटेच!

आणि हे कोण, ठाऊक आहे? तालुक्यातली सगळ्यात तीक्ष्ण नजर! एकोणीस वर्षं घरामागचा चढ चढून कातळसड्यावर, त्या उघड्या खडकाळ माळावर, दुर्बीण लावून तारे बघणारा माणूस. त्यातही एक तारा लाडका. तिमिंगल नावाच्या तारकासमूहातला, तांबडा. हा तारा अकरा महिन्यांत उजळतो, मंदावतो, नुसत्या डोळ्यांना दिसेनासा होतो — आणि परत उजळतो! शेजारच्या ताऱ्यांशी ताडून, आज तो किती उजळ, हे आकड्यात सांगायचं. केसभर फरक पडला तरी दामोदरपंत सांगणार — "काल होता त्याहून मंद आहे!"

हे दुर्बिणीला डोळा लावून आकडा ओरडायचे, इंदुमती वहीत लिहायची. तिथं पांढरा उजेड चालत नाही, अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. म्हणून विजेरीच्या काचेवर लाल कागद. दुर्बीण झाकून मागून येणं तिच्याकडे. महिनाअखेर शहरातल्या खगोल मंडळाला तक्ता पाठवणं तिच्याकडे. नवऱ्यानं आकाश सांभाळायचं, बायकोनं तिकीट चिकटवायचं! हसता काय, काका? तुमच्या घरात मिठाचा डबा कुठल्या फळीवर आहे, सांगा बरं!

शेवटच्या हिवाळ्यातलं बोलणं ऐका.

"अगं, लिहिलंस का? तीन पूर्णांक आठ!"

"लिहिलं."

"आज एवढा उशीर?"

"वाटेत बसले होते जरा. धाप लागली."

"तारा थांबतो का तुझ्यासाठी?"

झालं! एवढंच!

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी मंडळाचे चिटणीस रेगे भेटायला आले. म्हणाले, "पंत, वहिनींचे आकडे थांबले. आमचं मोठं नुकसान झालं."

"वहिनींचे? अहो, आकडे माझे! ती नुसती लिहायची."

रेग्यांनी पिशवीतून तक्ते काढले. बघतात तर — दोन रकाने! एकावर 'दा.', दुसऱ्यावर 'इं.'. हे घराकडे वळले, की दुर्बीण झाकायच्या आधी ती एकदा डोकवायची. आणि आपला आकडा लिहायची!

"रागावू नका," रेगे म्हणाले. "आठ वर्षं आम्ही दुसराच रकाना धरतो. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून बघितलं, की तो आहे त्याहून उजळ दिसायला लागतो. नजर टाकायची आणि काढायची. तुम्ही टक लावता."

"मग मला कळवलं का नाही?"

"वहिनींनीच लिहिलं होतं — त्यांना सांगू नका, त्यांचा जीव आहे त्यात."

काय वाटलं असेल, मंडळी? पण थांबा, रेग्यांनी अजून एक तक्ता पुढे केला. शेवटला. त्यात शेऱ्याच्या जागी बारीक अक्षर — "चढताना तीनदा बसले. डोळ्यांपुढे काजवे चमकतात. काजवा कुठला, तारा कुठला, कळत नाही. माझा आकडा धरू नये."

"आम्ही लगेच पत्र टाकलं हो. डॉक्टरांना दाखवा म्हणून. उत्तर आलं — तारा उजळतोय, एवढा हंगाम होऊ दे, मग जाते."

शंभर कोसांवरच्या मंडळाला कळलं! घरातल्याला नाही!

दामोदरपंत उठले. भरदुपारी दारं-खिडक्या लावल्या. ती विजेरी आणली, पेटवली. आपल्या हातावर धरली — तांबूस! भिंतीवर — तांबूस! रेग्यांच्या तोंडावर धरली. दमेकरी माणूस, फिकट चेहरा — तोही कसा तजेलदार!

विजेरी विझवून म्हणाले, "रेगे, दिवसा मी दुकानात, डोळ्याला भिंग. एकोणीस वर्षं मी तिला ह्याच उजेडात बघत आलो हो!"

हलवा आता माना! का हलत नाहीत? लाल कागद काय फक्त विजेरीलाच असतो? कुणाच्या डोळ्यावर दुकानाचा, कुणाच्या डोळ्यावर राजकारणाचा. माझ्यासारख्याच्या डोळ्यावर तर देवाचा! हा बुवा गावोगाव टाळ कुटतोय, आणि घरात कोण कशानं खंगतंय त्याचा पत्ता नाही! उद्या सकाळी घरच्या माणसाला उन्हात उभं करा. पापणी खाली ओढून बघा. "काय चळ लागलाय!" म्हणेल. म्हणू दे! आत लाल दिसलं तर देवाचं नाव घ्या. पांढरं दिसलं तर देव थांबेल — आधी दवाखाना गाठा!

आणि दामोदरपंत? त्याच संध्याकाळी ते सड्यावर गेले. तारा पश्चिमेला, अगदी भरात. नजर टाकली, काढली. आकडा ओरडले. लिहिलं कुणीच नाही.

त्या महिन्याचा तक्ता अजून गेलेला नाही. डॉक्टरीणबाईंच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं, तेही राहिलंच आहे.