पाचवा मजला, चार वाजून दहा मिनिटं

...आणि वर मला म्हणतो काय, "भाऊजी, यान बरोबर आहे, काळच जरा आडमुठा आहे!" आता यावर माणसानं काय बोलावं? नाही, तुम्हीच सांगा! अकरा वेळा... एकदा नाही, दोनदा नाही, अकरा वेळा आम्ही त्या यानात बसलो, अकरा वेळा बटण दाबलं, आणि अकराही वेळा दार उघडलं तर समोर काय? परत तिथंच! खोलीच्या दारातून दिसणारा आमचाच हॉल, भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं, आणि दाराशी बॅग घेऊन उभी असलेली माझी बायको.

थांबा, मधूनच सांगितलं तर तुम्हाला काही कळायचं नाही. तुम्हाला सांगतो, मी लिफ्टवाला. म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. सत्तावीस वर्षं हेच करतोय. शहरातल्या निम्म्या लिफ्टना मी नुसता हात लावला की त्या शहाण्यासारख्या चालायला लागतात. आणि मी राहतो कुठं? पाचव्या मजल्यावर. आणि आमच्या इमारतीची लिफ्ट? आठ महिने बंद! हसा, हसा, सगळेच हसतात. तिसऱ्या मजल्यावर आमचे सेक्रेटरी राहतात, ते तर रोज दोन मजले चढून माझ्या दारात यायचे, फक्त विचारायला, "का...य हो... लिफ्टचं... काही... झालं का?" त्यांचा प्रश्न संपेपर्यंत माझा अर्धा कप चहा संपायचा. मी म्हणायचो, "उद्या करतो. पार्ट आलेला नाही." ते म्हणायचे, "बरं... उद्या... नक्की." आणि बिचारे उतरायला लागायचे.

बायकोचा उजवा गुडघा दुखतो. पाच मजले उतरायचे म्हणजे कठड्याला धरून, तिरकी होऊन, एकेक पायरी. रोज एकदाच विचारायची, "अहो, लिफ्ट कधी?" आता या 'अहो'चं तुम्हाला सांगतो, आमच्या घरात त्याचे सात-आठ प्रकार आहेत. 'अहो' लांबवलं की काहीतरी वरच्या फळीवरून काढून द्यायचं असतं, 'अहो' तोडून म्हटलं की पाहुणे आलेत, शर्ट घाला. आणि लिफ्टवालं 'अहो' साधं असायचं, अगदी हळू. मी म्हणायचो, "उद्या." झालं, विषय संपला.

आता तुम्ही म्हणाल, अरे बाबा, एवढा तू लिफ्टवाला, तर रविवारी तरी वेळ काढायचास! रविवारी? रविवारी माझा मेहुणा यायचा! बायकोचा धाकटा भाऊ. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, घरात सगळे त्याला शास्त्रज्ञ म्हणतात, म्हणजे सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे, त्यानं ते मनावर घेतलं. त्याला काळातून जाणारं यान बनवायचं होतं. बनव की! पण कुठं? त्याच्या घरात जागा नाही, म्हणून माझ्या मागच्या खोलीत! आणि यानाला खोका पाहिजे, तर भंगारात निघालेल्या लिफ्टची केबिन कुणी आणून दिली? मी! तुकडे तुकडे करून, पाच मजले, जिन्यानं! बायको तेव्हा दारात उभी राहून बघत होती.

मी का पडलो यात? खरं सांगू? सत्तावीस वर्षं माणसांना नुसतं वर-खाली नेलं. म्हटलं, एकदा तरी मागं-पुढं नेऊन बघावं.

तर तो रविवार. चार वाजलेत. यान तयार. मी आत पॅनलचा शेवटचा स्क्रू पिळतोय, आणि बायको मागच्या खोलीच्या दारात आली. "अहो, लिफ्ट कधी?" मी म्हटलं, "उद्या." इथंच थांबलो असतो, तर आज तुमच्यासमोर तोंड वेंगाडत उभा नसतो. पण नाही! स्क्रू पिळता पिळता, मान वर न करता, माझ्या तोंडातून निघालं, "आणि तुला कुठं जायचं असतं गं रोज रोज खाली?"

ती गेली. मग कपाटाचा आवाज आला. मग चेनचा आवाज आला, बॅगेच्या... लांबलचक. आणि चार वाजून दहा मिनिटांनी ती हॉलच्या दाराशी उभी. "मी आक्काकडं जातेय. फ्रिजमध्ये जेवण ठेवलंय, गरम करून खा. परत कधी येईन ते ठरवलं नाही." यात 'अहो' कुठंय? नव्हतंच! तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलताना 'अहो' नाही.

आणि हा मेहुणा काय म्हणतो? "भाऊजी, घाबरताय कशाला, यान आहे ना! पंधरा मिनिटं मागं जाऊ, ते वाक्य तुम्ही गिळून टाका, की झालं!" मला एकदम देवच भेटल्यासारखं झालं. आत शिरलो, दार लावलं, बटण दाबलं. काय ती घरघर, काय तो उजेड, माझी दाढ हलत होती! टिंग. दार उघडलं. परत तिथंच! चार वाजून दहा मिनिटं. "मी आक्काकडं जातेय. फ्रिजमध्ये जेवण..."

मी मेहुण्याला म्हटलं, "हे काय?" म्हणाला, "किंचित चुकलं." किंचित! दहाच मिनिटं, पण नेमकी तीच दहा मिनिटं होती ना कामाची!

बरं, आलोच आहोत तर म्हटलं बोलून बघू. दुसऱ्या खेपेला माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल?" आता कशाबद्दल म्हणून सांगायचं? ते वाक्य परत उच्चारायचं? मी विचार करेपर्यंत ती गेली. तिसऱ्या खेपेला आवाज चढवून बघितला, ती आणखी लवकर गेली. चौथ्या खेपेला म्हटलं, "तुझ्या हातच्या जेवणाशिवाय माझं कसं होणार?" यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं ना... त्या बघण्यावर मी आजही बोलू इच्छित नाही. पाचव्या खेपेला मी म्हटलं, चल, मी तुला पाठीवर घेऊन पाच मजले उतरवतो, आणि खाली वाकलो, तर माझीच कंबर धरली! यानात मला मेहुण्यानं ढकलून बसवलं. आणि प्रत्येक खेपेला चार वाजून बारा मिनिटांनी कोण? सेक्रेटरी! "का...य हो... लिफ्टचं..." अहो, एका दुपारी एक माणूस अकरा वेळा तोच प्रश्न विचारतोय, आणि त्याला वाटतंय आपण पहिल्यांदाच विचारतोय! त्याला काय बोलणार?

सातव्या खेपेला मी सरळ खरं सांगून टाकलं. म्हटलं, "हे बघ, मी काळातून प्रवास करून आलोय. पहिलं धरून तू आत्ता हे आठव्यांदा बोलतेयस." ती म्हणाली, "आठ महिन्यांत एक लिफ्ट होईना, आणि म्हणे काळातून प्रवास!" मेहुणा मधे पडला, "ताई, तत्त्वतः ते शक्य..." "तू गप्प बस!" तो बसला. खरंच खाली बसला.

पण एक सांगतो. तेच वाक्य इतक्यांदा ऐकलं ना, तेव्हा कुठं आठव्या खेपेला माझ्या कानात शिरलं... 'फ्रिजमध्ये जेवण ठेवलंय' म्हणताना तिचा आवाज जरासा फाटत होता. आधी आठ वेळा फाटला, मला पत्ता नाही! घर सोडून चाललेली बाई, आणि माझ्या जेवणाची सोय करून चाललीय. आणि मग जिन्यातून तो आवाज, एक पाऊल धप्प, दुसरं हळू, धप्प, हळू... पाच मजल्यांचा. तो आवाज ऐकत मी उभा राहायचो. मला फार वाईट वाटायचं हो. मग परत यान, परत घरघर, परत टिंग, परत तिथंच!

अकराव्या खेपेला मेहुणा डोकं धरून म्हणाला, "भाऊजी, माझं गणित बरोबर आहे. यान निघतंय, नक्की निघतंय. पण काहीतरी त्याला दर वेळी ओढून इथंच आणतंय. ते पॅनलमधलं कार्ड कुठलं हो?"

मी छताकडं बघायला लागलो.

"भाऊजी, कार्ड कुठलं?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या इमारतीच्या लिफ्टचं, तिचा मेंदूच तो! मीच काढलं होतं, आठ महिन्यांपूर्वी, एका रविवारपुरतं, जरा बघायला म्हणून. मग म्हटलं पुढच्या रविवारी परत लावू, मग त्याच्या पुढच्या... पार्ट आला नाही म्हणे! येणार कुठून? पार्ट माझ्याच मागच्या खोलीत होता!

आणि त्या कार्डाचा स्वभाव मला नाही माहीत तर कुणाला? लिफ्टचं कार्ड गोंधळलं, वीज डळमळली, मजला समजेना, तर ते माणसाला मधेच लोंबकळत ठेवत नाही. ते त्याला मुक्कामाच्या मजल्यावर नेतं आणि दार उघडतं. उतर बाबा, जीव वाचव. आता काळात कुठले आलेत मजले? बाहेर पडलं की ते गोंधळायचं, आणि आम्हाला सुखरूप मुक्कामाला आणायचं. आणि हा मुक्काम ठरवला कुणी? पहिल्यांदा बटण दाबायच्या आधी माझ्याच हातानं! कुठलीही लिफ्ट चालू करताना लिफ्टवाला आधी मुक्काम ठरवतो. सत्तावीस वर्षांची सवय, हात आपोआप गेला. पाचवा मजला, चार वाजून दहा मिनिटं.

मेहुणा म्हणाला, "मग मुक्काम काढून टाका, बसा, जाऊ!" म्हटलं, "आणि मधेच अडकलो तर?" म्हणाला, "तेवढा धोका आहे." तेवढा! दोन मजल्यांच्या मधे अडकलेली माणसं मी बाहेर काढलीयत. त्यांचे चेहरे मी बघितलेत. काळाच्या मधे अडकलो तर कुणाला फोन करणार? मलाच ना?

मी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि कार्ड उपटलं. म्हटलं, "ताईला बोलण्यात गुंतव." तो म्हणाला, "काय बोलू?" म्हटलं, "यान कसं चालतं ते सांग!" आणि मी जिना चढून गच्चीवरच्या मशीन रूममध्ये. वाटेत सेक्रेटरी, "का...य हो..." मी ओरडलो, "आज!" ते पायरीवर मटकन बसले.

कार्ड लावलं, वायरी जोडल्या, खटका वर. चालू! धावत खाली आलो तर मेहुणा अजून गणितातच होता, आणि बायको बॅग घट्ट धरून उभी. टिंग. आठ महिन्यांनी आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. म्हणाली, "झाली?" म्हटलं, "झाली!" म्हणाली, "अवघड होतं का?" आणि मंडळी... मी आनंदात होतो हो, माझ्या तोंडातून निघालं, "छे गं, आठ मिनिटांचं काम!"

मेहुण्यानं डोळे मिटून घेतले.

"आठ... मिनिटांचं?" एवढंच म्हणाली. बॅग उचलली, लिफ्टमध्ये शिरली, दार लागलं. आणि यान तर मीच मोडलेलं! आता कुठं जाणार मागं? दारावरचे आकडे बघत उभा राहिलो. चार. तीन. दोन. एक. तळमजला. गेली. माझ्याच लिफ्टनं, अगदी आरामात, गुडघ्याला जरासुद्धा त्रास न होता गेली.

आणि आकडा हलला. एक. दोन. तीन. मी म्हटलं, रिकामी येत असेल, मुक्काम पाचव्याचाच राहिलाय ना तिच्या डोक्यात. चार. पाच. टिंग.

आत बायको. बॅग हातात. कपाळाला आठ्या.

"अहो, काय केलंत हिला? उतरायच्या आत दार लागलं आणि घेऊन आली वर!"

अहो! म्हणाली ती, 'अहो' म्हणाली! मला रडूच यायचं बाकी होतं. आता तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका, तळमजल्यावर ते दार बारा सेकंद उघडं राहतं. मीच लावलेत. बारा सेकंदांत एक बॅग, एक दुखरा गुडघा आणि एक रागावलेली बाई सहज उतरते, वर वळून शिव्या द्यायलाही वेळ उरतो. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण गिळलं. अकरा खेपा जे वाक्य गिळायला निघालो होतो ते राहिलं, हे गिळलं. म्हटलं, "हो गं, जरा बिघाड आहे." म्हणाली, "चहा टाका." टाकला.

यानाच्या केबिनमध्ये ती आता पांघरुणं ठेवते. आणि लिफ्ट? ती तशीच! मुक्काम बदलायला एक आकडा बदलायचा, अर्ध्या मिनिटाचं काम. पण सेक्रेटरी पिशव्या आत घेऊन तिसऱ्याचं बटण दाबेपर्यंत तळमजल्याचं दार लागतं, लिफ्ट मुक्कामाला निघते आणि त्यांना रोज माझ्या दारात आणून सोडते. आता धाप लागत नाही, त्यामुळे सलग बोलतात, "अहो मला तिसऱ्यावर उतरायचं असतं, परत तिथंच आणून सोडते ही, नीट कधी करणार तुम्ही?" मी तोंड उघडतो... आणि माझ्याआधी स्वयंपाकघरातून बायकोचाच आवाज येतो, "करतील हो. उद्या!"