मिठाच्या पाण्यातले चेंडू

दातांच्या दवाखान्यात गाल धरून बसलेल्या मास्तरांच्या कानावर शेजारच्या वहिनी-दिरांचं बोलणं पडलं आणि त्यांची दाढ ठणकायचीच विसरली.

"वहिनी, उद्या माझी गोल्फची फायनल, समोर साक्षात दादा, आणि पिशवीत एकही चेंडू नाही."

"भावजी, ते मी काल मिठाच्या पाण्यात सोडले."

"खारवायला?"

"तरंगवायला. तरंगता चेंडू फिरवायचा. दरवेळी तीच बाजू वर आली, की तो एकीकडे जड आहे समजायचं. असला चेंडू भोकाच्या तोंडाशी जाऊन वळतो. तुमचा एक तर सरळ मारला तरी घरी परत आला असता."

"म्हणजे गेल्या वर्षी मी हरलो ते..."

"ते तुमच्या हातामुळे. उद्या मात्र चेंडूवर खापर फोडता येणार नाही. एकाच जातीचे चार निवडलेत, दिवसभर तेच खेळायचे."

"तळ्यात गेले तर?"

"तळ्यात मारायचे नाहीत."

"आणि बाकीचे?"

"तुमच्या दादांनी नेले. मी सांगायला गेले, तर म्हणाले, चेंडू तो चेंडू, त्यात काय बघायचंय. मग मी त्यांच्या पिशवीची चेनसुद्धा लावून दिली."