रिकामा डबा

विश्रांतवाडीहून निघालेली बस सिग्नलला अडकली होती. नासिरभाईंच्या मोबाइलची बॅटरी संपली होती, त्यामुळे पुढच्या बाकावरचं जोडपं ऐकण्यावाचून त्यांना इलाज नव्हता.

“अहो, हसताय काय? तुमच्या सख्ख्या भावाने रिकामा डबा हातात ठेवला!”

“हो ना, एस्तेर.”

“डबा रिकामा परत करू नये, हे शेंबड्या पोरालाही कळतं. चिमूटभर साखर तरी घालायची.”

“घालेल पुढच्या नाताळला.”

“चर्चमध्ये चारचौघांत तुम्हाला लबाड म्हणाला तो. अजून माफी नाही. आणि आपण दर नाताळला करंज्या घेऊन त्याच्या दारात! देवसुद्धा थकला असता.”

“आपल्याला माफ करताना कुठे थकलाय?”

“पाळकसाहेब म्हणतात, सहनशीलता हे आत्म्याचं फळ. तुमचं अढीतच कुजणार. या माझ्या शेवटच्या करंज्या, सांगून ठेवते.”

“बरं. गेल्या वर्षी डबा कसा परत आला होता?”

“जसाच्या तसा. झाकणही उघडलं नव्हतं.”

“त्याआधी?”

“तसाच. शेवटी मीच खाल्ल्या, शुगर वाढली.”

“आणि यंदा?”

बस हलली. बाईंनी पिशवीतून डबा काढून उघडला. तळाशी सारणाचा थोडा चुरा होता. त्यांनी झाकण हळूच लावलं.

“भाऊजींना खोबरं जास्त लागतं. पुढच्या वेळी लक्षात ठेवायला हवं.”

“पण तू तर शेवटच्या...”

“तुम्ही गप्प बसा.”

ते गप्प बसले. त्यांना त्याचा चांगला सराव दिसत होता.