पहिल्या डावाआधी

आईच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी मी रांगेत उभी होते. माझ्यापुढे दोघी बहिणी.

“ताई, पत्त्यांची स्पर्धा तीनला आहे. तुझा दाखला उद्या मिळाला नसता?”

“मुख्याध्यापिका पत्ते कुटताना दिसली तर लोक काय म्हणतील?”

“लहानपणी मला रडेपर्यंत हरवायचीस, तेव्हा नाही आठवले लोक!”

“तेव्हा मी वर्गात पोरांचे पत्ते फाडत नव्हते गं. पहिल्या डावाला समोर कोण आहे, माहितीये? त्यातलाच एक. वकील झालाय आता.”

“मग आधी माफी माग. नंतर हरव.”

“आणि मीच हरले तर?”

“तरी माफी मागून झालेली असेल ना?”

खिडकीपाशी ताईचाच नंबर आला होता. ती माझ्याकडे वळली.

“तुम्ही व्हा पुढे. आम्ही निघतो.”