पहिली आवृत्ती काढून टाकण्याबाबत व बाराच्या घंटेबाबत

जबाब देणार : नाव ओळखपत्र पाहून नोंदवहीत घेतले आहे. कामाच्या ठिकाणी 'दुभाषी' या नावाने ओळखतात. वय ५६ वर्षे. धंदा नोकरी, स्विचिंगचे सॉफ्टवेअर लिहिणे. राहणार पाण्याच्या टाकीमागची वसाहत, तिसरा मजला, जिन्यासमोर.

मी समक्ष ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी पत्नीसह राहतो. वडील, वय ८४, गेली दोन वर्षे कालव्याजवळच्या शुश्रूषागृहात खोली नंबर चौदामध्ये आहेत. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं आहे. बोलणं जड झालं आहे, उजवा हात चांगला चालतो. त्या हाताशी घंटेचं बटण असतं. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या कंपनीने माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीत 'वैयक्तिक हितसंबंध' म्हणून जे लिहिलं आहे ते हेच.

माझं काम असं. शहरातल्या इमारतींत जिन्याखाली, कपाटात, कुठे मोरीच्या भिंतीला स्विच नावाचे डबे बसवलेले असतात. त्यात केबली खोचतात. कोणाचा निरोप कुठल्या केबलीतून न्यायचा, हे डब्याला आमच्या कार्यालयातला कंट्रोलर नावाचा मुख्य संगणक सांगतो. या दोघांची बोलण्याची रीत ठरलेली असते, तिला प्रोटोकॉल म्हणतात. त्याच्या आजवर तीन आवृत्त्या झाल्या. जोडणी झाली की दोघं आधी नमस्कार करतात आणि आपल्याला कुठवरची आवृत्ती येते ते सांगतात. मग ज्याला कमी येतं त्याच्या आवृत्तीत बोलणं चालतं. जास्त शिकलेल्याने खाली यायचं, असा नियम आहे. हा नियम फक्त यंत्रांना लागू आहे, असं हवालदारांनी विचारल्यावरून सांगतो.

कंट्रोलरच्या आत एकच भाषा चालते. दाराशी मी तीन दुभाषे बसवले आहेत, दर आवृत्तीचा एक. माझं टोपणनाव त्यावरून पडलं. पहिल्या आवृत्तीचा दुभाषा मी एकोणीस वर्षांपूर्वी लिहिला. तेव्हापासून त्याने एक दिवसही रजा घेतलेली नाही आणि पगारवाढही मागितलेली नाही.

गेल्या महिन्याच्या चार तारखेला सकाळी अकरा वाजता विभागप्रमुखांनी बैठक घेतली. विभागप्रमुखांचं वय तेहतीस, आमच्याकडे येऊन पाच महिने झाले. माणूस हुशार आहे, वाईट नाही. त्यांनी शहरातल्या सगळ्या डब्यांना एक प्रश्न पाठवला होता : तुम्हाला कुठली आवृत्ती येते? बाराशे अठरा डब्यांची उत्तरं आली. दुसरी आवृत्तीवाले चारशे दोन, तिसरीवाले आठशे सोळा, पहिलीवाले शून्य.

मी म्हणालो, "सर, हा प्रश्न तुम्ही तिसऱ्या आवृत्तीच्या धाटणीने विचारलाय. दुसरीवाल्यांना तो कसाबसा कळतो. पहिलीवाल्यांना कळणारच नाही, ते गप्प बसतील."

ते म्हणाले, "दुभाषीसर, गप्प आहेत म्हणजे नाहीयेत. आकडा बघा ना. स्वच्छ शून्य आलंय."

मी म्हणालो, "वर्गात गैरहजर कोण आहे त्यांनी हात वर करा, असं विचारण्यातला प्रकार आहे हा."

सगळे हसले. विभागप्रमुखही हसले. इतिवृत्तात 'शून्य, सर्वानुमते' असं लिहिलं गेलं आणि त्यावर माझीही सही आहे.

नमस्काराच्या नोंदी का पाहिल्या नाहीत, असं विचारल्यावरून सांगतो की पाहिल्या. नोंदी एका वर्षाच्याच ठेवतात. जुने डबे कधी बंदच पडत नाहीत, त्यामुळे त्यांना पुन्हा नमस्कार करायची वेळ येत नाही. चार चार वर्षांपूर्वी एकदा नमस्कार केला, त्यावर अजून काम चाललं आहे. जो बिघडत नाही त्याची कागदावर नोंद होत नाही, हे मी नोकरीत बऱ्याच वेळा पाहिलं आहे.

शुश्रूषागृहाच्या जिन्याखालचा डबा पहिल्या आवृत्तीचा आहे, हे मला माहीत होतं. तो मीच बसवला होता, तेव्हा वडील धडधाकट होते. तीस खोल्यांच्या घंटा त्या डब्यातून परिचारिकांच्या टेबलावर जातात. तो बदलून मिळावा म्हणून शुश्रूषागृहाने आमच्या कंपनीला तीनदा अर्ज केला. तिन्ही अर्ज मी लिहून दिले होते. तिन्ही वेळा उत्तर आलं की सदर उपकरण यादीत नाही, सबब बदलता येत नाही.

दहा तारखेला मला लेखी आदेश मिळाला की पहिल्या आवृत्तीचा दुभाषा काढून टाकावा. मी त्याचं नाव यादीतून काढलं. त्याला काढलं नाही. पहिल्या आवृत्तीत कोणी दार वाजवलं तरच उठायचं, एरवी आवाज न करता पडून राहायचं, अशी व्यवस्था करून ठेवली. आदेश मोडला हे खरं. कोणाला विचारलं नाही हेही खरं. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. बायकोला मात्र सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही घरातली जुनी वायरसुद्धा टाकू देत नाही, हे कसलं टाकताय."

बावीस तारखेच्या तपासणीत तो दुभाषा सापडला. एकूण चारशे ओळी. तक्रारीत त्याला चोरदरवाजा म्हटलं आहे. चोर कोण आणि त्याने काय नेलं, याचा तक्रारीत उल्लेख नाही.

वडिलांच्या सवयीबद्दल सांगणं भाग आहे. ते एकतीस वर्षं टेलिफोन केंद्रात ऑपरेटर होते. समोरच्या फळीवर दोनशे बारीक दिवे. कोणाला बोलायचं असलं की त्याचा दिवा लागायचा, मग वडील दोरी खोचून जोडणी करून द्यायचे. पाळीवर बसताना आणि उठताना ते एकेक दिवा स्वतः पेटवून बघायचे. दोनशेच्या दोनशे. बाकीचे त्यांची टिंगल करत. वडील म्हणत, "दिवा लागला नाही म्हणजे कोणी बोलावत नाही असं धरू नये. आधी बल्ब तपासावा." शुश्रूषागृहातही ते रोज सकाळी आठला आणि दुपारी बाराला घंटा दाबतात. परिचारिका धावत आली की म्हणतात, "काही नको. तपासलं." तिथल्या ताई याला वैतागल्या आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही.

आज रोजी सकाळी दहा वाजता मी ठाण्यात हजर झालो. नियमाप्रमाणे माझा फोन टेबलाच्या खणात ठेवून घेतला. तो दुभाषा काढून साफ केलेलं सॉफ्टवेअर आज संध्याकाळी सहा वाजता कंट्रोलरवर चढवणार, असं मला काल सांगितलं होतं. त्याआधी शुश्रूषागृहात जाऊन काहीतरी सोय करायची, असा माझा बेत होता. हवालदार जबाब संगणकावर टंकत होते. ११.३५ वाजता दुसऱ्या पानावर संगणक अडकला. हवालदारांनी माऊस दोनदा आपटला, मग प्रिंटरलाही एक चापट दिली. शेजारच्या खोलीतून आवाज आला की तिकडचेही गेले. ठाण्यातले पाचही संगणक गेले होते.

मी परवानगी मागून जिन्याखाली जाऊन पाहिलं. बेवारस छत्र्यांच्या खोक्यामागे डबा होता. त्यावर पिवळी पडलेली चिठ्ठी, 'हात लावू नये', अक्षर माझं. ठाण्यात पहिल्या आवृत्तीचा डबा आहे हे मी साफ विसरलो होतो. ठाण्याला तर माहीतच नव्हतं. संध्याकाळचं काम सकाळीच उरकलं गेलं आहे, हे मला तिथे खाली वाकलेला असताना कळलं.

मी वर येऊन शुश्रूषागृहाला फोन करू द्यावा अशी विनंती केली. तेव्हा ११.५० झाले होते. ठाणे अंमलदार म्हणाले, "जबाब संपू दे, मग हवं तेवढं बोला." आधीची पानं संगणकात अडकल्यामुळे हवालदारांनी कागद आणून पहिल्यापासून हाताने लिहायला घेतलं. मी १२.०५ ला पुन्हा विनंती केली. १२.२० ला पुन्हा केली. या विनंत्या जबाबात नकोत असं अंमलदारांचं म्हणणं पडलं, हव्यात असं माझं म्हणणं पडलं. लिहिल्या आहेत.

१२.४० वाजता फोन दिला. परिचारिकाताईंनी उचलला.

"दादा, आज काय शांतता आहे म्हणून सांगू. साडेअकरापासून एक घंटा नाही. बाबांनी बाराचीसुद्धा दिली नाही. शहाणे झाले बघा."

मी म्हणालो, "ताई, चौदा नंबरमध्ये जा. फोन ठेवू नका, तसाच घेऊन जा."

चपलांचा आवाज आला. दार उघडल्याचा आवाज आला.

वडील खाली फरशीवर होते. बाराला त्यांनी घंटा दाबली, कोणी आलं नाही, म्हणून घंटेबरोबर लागणारा दारावरचा दिवा लागतो का ते बघायला ते खुर्चीतून पुढे वाकले आणि घसरले. बटण हातात होतं आणि अंगठा बटणावर होता. चाळीस मिनिटं.

ताई म्हणाल्या, "कुठे लागलेलं नाही. अंग गार पडलंय, पांघरूण घालते. काहीतरी बल्ब बल्ब म्हणताहेत. दादा, खोलीतला बल्ब तर चालू आहे."

मी म्हणालो, "त्यांना सांगा, मी तपासला. बल्ब गेलाय. तुमचं बरोबर होतं." आणि ताईंना सांगितलं की आता कुठलीच घंटा वाजणार नाही, तेव्हा तीसही खोल्यांत दर पंधरा मिनिटांनी जाऊन या.

इथे हवालदारांनी लेखणी ठेवली आणि पाणी दिलं. राग कोणावर आहे का, असं विचारल्यावरून सांगतो की आहे, आणि त्यातला मोठा वाटा माझ्यावरच आहे. मला एक डबा माहीत होता, मी त्याच्यापुरतं बघितलं. बाकी शहरात किती आहेत याचा शोध घेतला नाही. शुश्रूषागृहालाही आधी सावध केलं नाही, कारण लपवलेल्या गोष्टीबद्दल सावध कसं करणार. शून्य त्यांनी मोजलं, पण त्याखाली सही मीही केली.

१.१० वाजता अंमलदारांनी आमच्या कंपनीच्या तक्रार कक्षाला फोन केला. त्यांना उत्तर मिळालं की ठाण्याचं उपकरण यादीत नाही, सबब त्यात बिघाड नोंदवता येत नाही. अंमलदारांनी फोन ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला जमेल का हो हे?"

मी म्हणालो, "वीस मिनिटांचं काम आहे. माझा पासवर्ड रद्द करणं कोणाच्याच यादीत नसल्यामुळे तो चालतो. पण ज्यासाठी मला इथे बोलावलंय, तेच पुन्हा करावं लागेल."

अंमलदार हवालदारांना म्हणाले, "हे लिहू नका."

हवालदार म्हणाले, "साहेब, लिहून झालं."

मी दोन अटी घातल्या. काम ठाण्याच्या लेखी आदेशाने होईल. आणि दुभाषा उठल्यावर पहिली तपासणी चौदा नंबरच्या घंटेची होईल, ठाण्याची नंतर. दोन्ही मान्य झाल्या.

हा जबाब संगणक बंद असल्याने हाताने लिहिला. तो मला सावकाश वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे, त्यात काही घातलेलं नाही व गाळलेलं नाही. यातला 'चोरदरवाजा' हा शब्द तक्रारदारांचा आहे, माझा नाही. ठाण्याने दिलेला आदेश सोबत जोडला आहे. त्यावर आजची तारीख, गोल शिक्का व अंमलदारांची सही असून, कामाचे स्वरूप या रकान्यात दुसरा शब्द न सुचल्याने त्यांनी तक्रारीतूनच उतरवून घेतलं आहे : चोरदरवाजा तातडीने पूर्ववत बसवणे.