ओला माल

हॅलो?

…नाही बाबा, पंखा नाही वाजून राहिला. फोन आहे.







थांब, कुकर उतरवते. … हाव. कोण? अभि? अरे, सकाळपासून फोन करून राहिली तुले, तू कापून राहिला.

…मीटिंग. हाव, असेल.

बोल. तू कावून केला ते आधी बोल.

…व्हिडिओ? कोणाचा?

…बाबांचा.

…हाव. हाव. "स्टील प्लँटच्या कोक ओव्हनचे रिटायर्ड फोरमन शामसुंदर, सुका कचरा निळ्या डब्यात टाकताना." मग? … मग तो कचरा तुमच्या सिमेंटच्या भट्टीत, मग इतका कोळसा वाचला, इतका कार्बन वाचला, मग टाळ्या. उद्या रायपूरले. … चिडून नाही राहिली. तूच पाठवलं न व्हॉट्सअ‍ॅपवर, ते वाचून दाखवून राहिली.

अभि, बाबा उठत नाहीत.

…नाही, नाही, तसं नाही. आहेत. … होळीच्या आधी पडले तेव्हापासून पलंगावरच आहेत, ते तुले माहीत आहे. आता बसतही नाहीत. परवापासून पाणी पिऊन नाही राहिले. गोळीपुरता घोट, तोही मी ओरडली तर.

…ताप नाही. … गिळता येते. सगळं येते. पीत नाहीत. ग्लास पुढं केला की मान भिंतीकडे.

…डॉक्टर येऊन गेले रे. किडनी अर्धीच काम करून राहिली. संध्याकाळपर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर भरती करा, म्हणाले. तर बाबा काय म्हणतात, दवाखान्यात तर अजूनच कचरा होते.

…हस. मीही आधी हसली.

कचरा म्हणजे डायपर, अभि.

…मोठ्या माणसांचे येतात न ते. तू दिवाळीले आला होता तेव्हा काठी घेऊन जात होते बाथरूमले. आता दिवसाचे तीन, चार. फुगतात, जड होतात. विटेसारखे.

…गाडीतच टाकत होती. वेगळ्या पिशवीत, वर लाल खूण, अगदी तुझ्या नियमानं. दामिनी येते न कचऱ्याची गाडी घेऊन, ती घेत होती. एक दिवस म्हणते, "दीदी, डायपर नई लेंगे अब." मी म्हटलं, कावून? तर कचरा निवडायच्या सेंटरवरून सुक्या मालाचा ट्रक तुमच्या प्लँटले गेला आणि तुमच्या गेटवरून अख्खाच्या अख्खा परत. ओला निघाला. आत कोणाचे तरी डायपर.

…माझे नसतील. … असतीलही, काय माहीत.

तो ट्रक सेंटरवरच्या बायांनी हातानं उपसला. दामिनीनं पण. आणि त्या दिवसाची मजुरी ठेकेदारानं कापली. ती आता माझ्या पिशवीकडे पाहत नाही. मी तिले काय म्हणू, तूच सांग?

…डायपर जाळायची वेगळी भट्टी आहे, हाव. बंद पडून आहे. काही पार्ट यायचा आहे म्हणे.

मग काय, मी. स्कूटीवर पायाशी पिशवी, शाळेत जायच्या आधी. आपल्या वैशाली नगरात कॉलनीच्या मागं तो रिकामा प्लॉट आहे न… तिथं.

…हाव, मी. मास्तरीण. पोरांले ओला-सुका शिकवते ती मी.

ऐक न. कॉलनीच्या समितीनं तिथं खांबावर कॅमेरा लावला. झिरो वेस्ट समिती. विजयकुमारजींनी माझा फोटो ग्रुपवर टाकला. हातात पिशवी, भोवती लाल गोल. चेहरा नाही दिसत. खाली लिहिलं, "इस महिला को पहचानिए." मग सगळ्यांचे अंगठे, हात जोडलेले, शरम करो, वगैरे.

…बाबा आहेत न ग्रुपवर. सगळ्यांले गुड मॉर्निंगचे गुलाब तेच तर पाठवतात. कोणाच्या लक्षात यायच्या आधी त्यांनी ओळखलं. तू राखीले दिलेल्या पिवळ्या ओढणीवरून. मले एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी चहा नेला, म्हणाले, ठेव. पाणी नेलं, ठेव.

दुसऱ्या दिवशी डायपर कोरडा. मी वेडी, खूश झाली. म्हटलं, आज एकच लागला.

…

दुपारी समजलं मले. पलंग खिडकीशी आहे, दामिनीचं आणि माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. मी म्हटलं, बाबा, असं करू नका. तर म्हणाले, "ओला माल गेटवरून परत येते न. म्हणून सुकून राहिलो."

…नाही, रागानं नाही. शिफ्टचा रिपोर्ट द्यावा तसं.



आणि दिवाळीचं ते एक. … तू जेवताना मोबाइलवर सगळ्यांचे कार्बन फूटप्रिंट नाही का काढले? माझ्या लेकीचा, ईराचा सगळ्यात कमी, तुझा विमानामुळं फुगला. आपण हसलो. मग तू म्हणाला, बाबांनी तर जन्मभर कोक ओव्हनवर धूर काढला, त्यांचा आकडा मोबाइलमध्ये मावणारच नाही. … मस्करी होती. माहीत आहे मले. तेही हसलेच. काल म्हणतात, "माझा हिशेब आधीच जास्त आहे पोरी. त्यात हे रोजचं कावून वाढवू?"

…दोष नाही देऊन राहिली तुले. काम सांगून राहिली.

त्यांले सांग, घेतात आता.

…डायपर. अजून काय? तुमची कंपनी घेते म्हण. नवीन नियम आला म्हण.

…घेत नाही, माहीत आहे.

…क्लोरीन. हाव. … ओलावा. हाव, त्यानं तापमान खाली येते. हाव. अभि, मले सगळं पटलं रे. भट्टीत टाक नाही म्हणून राहिली मी. टाकतो म्हण, म्हणून राहिली.

…खोटं तर खोटं. उद्या तू स्टेजवर आपल्या कॉलनीले मॉडेल कॉलनी म्हणणार आहेस का नाही? … नाही, टोमणा नाही. म्हणणारच आहेस तर त्याच आवाजात हेही म्हण.

…मी सांगून पाहिलं न. माझ्यावर नाही विश्वास, मी तर त्या लाल गोलात आहे. तुझ्यावर आहे. येईल त्याले सांगतात, माझा पोरगा कचऱ्यातून सिमेंट काढते. डॉक्टरलेही सांगतलं. डॉक्टर म्हणाले, वा.

…मग काय, मग मी पाहीन. … कुठं टाकीन ते सोड तू. … म्हटलं न, सोड.

जाऊ आत? स्पीकरवर टाकते.

…घसा साफ कर आधी. असा आवाज नको. ऑफिसमधला काढ.

बाबा. बाबा, इकडे पाहा. अभि आहे, हैदराबादहून. तुम्हाले काही सांगून राहिला. बोल रे.

…

…

ऐकलं न बाबा?

…कधीपासून, विचारतात. … सोमवारपासून म्हणते.

…हाव, ओलं पण. आधी वाळवते म्हणे, मशीन आणली. नाही का रे अभि? … बघा. आणली.

…दामिनीले? हाव, तिले माहीत आहे. तीच म्हणाली न सकाळी. पिशवी घेऊनही गेली. … तुम्ही झोपले होते तेव्हा.

…तिची मजुरी? अभि, बाबा विचारतात, तिची मजुरी तर नाही न कापणार आता? … नाही म्हणते. लेखी आहे म्हणते.

घ्या. … ग्लास मी धरते, तुम्ही फक्त… हाव. हळू. हळू बाबा, ठसका लागेल. … अभि, थांबू नको, बोलत राहा. काहीही बोल. प्लँटचं बोल, किती टन ते बोल.

…

…अजून? थांबा, भरते.

…जेवला का, विचारतात तुले. … सांग न, जेवला का ते.

…जेवला म्हणते. तुम्ही घ्या.

…

हाव, काढला स्पीकर. मागच्या बाजूले आली. … प्यायले. एक अख्खा, वर अर्धा. मिशी भिजली पार. ग्लास सोडत नव्हते रे, दोन्ही हातांनी धरला.

…तू कावून रडून राहिला आता? झालं न काम.

…हाव, रात्रीपर्यंत सगळं भिजेल. भिजलंच पाहिजे, डॉक्टर तेच तर म्हणाले.

…नाही, उद्या विचारतील परत. मी सांगीन, नेलं दामिनीनं. परवा पण सांगीन. तू नको चिंता करू, मले जमते आता. … आणि दामिनीले गाठावं लागेल आज. बाबांनी खिडकीतून विचारलं तर हाव म्हण, म्हणून. … म्हणेल. वाईट नाही ती.

…कोण बोलावून राहिलं तुले? … जा मग. … व्हिडिओचं राहू दे. फोटो आहे न माझा, तो लाव. … मस्करी केली रे. जा.

…काय? आवाज तुटून राहिला.

…काय विचारलं? … कुठं?

…प्लॉटवर नाही जाता येत आता. काल चरोद्याले नेली होती पिशवी, रेल्वेच्या कडेले. तिथं बाया भंगार वेचून राहिल्या होत्या, दामिनीसारख्याच. त्यांच्या हाताखाली कशी टाकू? परत आणली. बाथरूममध्ये आहे सगळं, बादल्यांत, वर झाकण. वास येते म्हणून बाबांची खिडकी दिवसभर उघडी ठेवते.

…हॅलो?

…अभि? ऐकतोस न?

…

आली बाबा. हाव, ठेवला त्यानं. आली.

रात्री पिशव्या तिकडं नेईन. नदीच्या पुलावर कॅमेरा नाही.