माझं मानपत्र मीच लिहिलं

राग कशाचा आला सांगू? तीस वर्षं बेळगावच्या कॉलेजात मराठी शिकवलं. रिटायर होणाऱ्या प्रत्येकाचं मानपत्र मीच लिहिलं. माझी पाळी आली तर प्रिन्सिपॉल म्हणतात, “सर, तुमचंबी तुम्हीच लिवा की. तुमच्यामागं मराठीचं हाय कोण इथं?”

“मग माणूस नेमा की!”

“बघू हो पुढं.”

डोकं लई तापलं. तरी लिहून दिलं. त्यांनी सही ठोकली, पण वाचायची तसदी घेतली न्हाय. समारंभात मला शाल घातली आणि माइकवर खड्या आवाजात वाचत सुटले, “सरांच्या जागी आम्ही कुणालाच नेमलं नाही, याची आम्हाला लाज वाटते.”

कन्नडच्या मॅडमनी पहिली टाळी वाजवली.

आता प्रिन्सिपॉलचा रोज फोन येतोय, “सर, तेवढं मानपत्र परत द्या.”

देतो की. आधी माणूस नेमा.